शिबाबाईच्या वाट्याच्या शिव्या

आमच्या वऱ्हाडात माणसाला संत व्हायला फार वेळ लागत नाही. एखादा नदीकाठी गप्प बसून राहिला, कोणी दिलं तर खाल्लं, नाही दिलं तर नाही, एवढं पुरतं. चार दिवसांत त्याच्यापुढं नारळ फुटतो आणि वर्षभरात ओटा बांधला जातो. त्या माणसाला हे हवं आहे की नको, ते विचारायची पद्धत नाही. मी हे चेष्टेनं म्हणत नाही, रागानं म्हणते आहे. अकोल्यात एका बाईचं असं झालं. ती आमच्या नात्याची नव्हती, जातीची नव्हती, धर्माची तर नव्हतीच. तरी माझी आई मनकर्णा मरेपर्यंत तिच्यासाठी हळहळत राहिली आणि मला सांगत राहिली. म्हणून मी सांगते.

त्या बाईचं नाव अलीशिबा. ते कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून शिबाबाई. तिचं खरं नाव काय होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे इंग्रजी एकोणीसशेच्या सुमारास, ती तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर सापडली, पाचसहा वर्षांची असेल. सोबत कोणी नव्हतं. होतं ते रस्त्याकडेला पडलेलं होतं आणि उठत नव्हतं. मिशनच्या गोऱ्या बायकांनी तिला बैलगाडीत घालून अमरावतीला नेलं, पेज पाजली, डोकं भादरलं, बाप्तिस्मा दिला आणि एका संतिणीचं नाव ठेवलं. पुढं कोणी जात विचारली की ती म्हणायची, "मी छप्पनची." विचारणाऱ्याला यातून काही कळायचं नाही, आणि तिच्यापाशी दुसरं उत्तर नव्हतं.

तिथंच वाढलेल्या सायमनशी मिशननं तिचं लग्न लावलं. तोही छप्पनचाच. रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून त्याला अकोल्याला नोकरी मिळाली, आणि मोर्णा नदीच्या अलीकडं पिंजाऱ्यांच्या गल्लीत दोघांनी एक खोली घेतली. मूलबाळ झालं नाही. मानमोडीची साथ आली त्या साली सायमन दोन दिवसांच्या तापात गेला आणि पाठोपाठ शिबाबाईही आडवी झाली. साथीच्या दिवसांत कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं. तिच्या दारात तर एरवीही कोणी जात नव्हतं. हिंदूंना ती बाटलेली, मुसलमानांना ती साहेबाच्या धर्माची, आणि स्टेशनाकडच्या रेल्वेच्या ख्रिस्ती लोकांना ती काळी, अडाणी, वऱ्हाडी बोलणारी. महिन्यातून एकदा अमरावतीहून फादर यायचे आणि स्टेशनाजवळच्या एका खोलीत प्रार्थना व्हायची. तिथं पुढच्या बाकांवर गार्ड आणि ड्रायव्हर यांच्या बायका टोप्या घालून बसायच्या, आणि ही मागं भिंतीशी, खाली.

त्या तापात तिच्या दारावर लाथ मारून आत शिरली ती शेजारची बिस्मिल्लाबी. तिचा नवरा वली पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरायचा आणि घरी फार कमी असायचा. बिस्मिल्लाबीचं तोंड सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोंबडीपासून नवऱ्यापर्यंत तिनं कोणाला सोडलं नव्हतं. ती आत आली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "मरायचं असंल त गल्लीच्या भाईर जाऊन मर, मेले. इथं वास सुटंल त आमाले जेवन नाही जाणार." आणि मग तिचं डोकं मांडीवर घेऊन कण्यांची पेज तिच्या तोंडात ओतली. गिळली नाही तर नाक दाबायची. रोज शिव्या देत यायची आणि शिव्या देत जायची.

शिबाबाई आईला सांगायची की आपल्याला अख्ख्या आयुष्यात कोणी असं मांडीवर घेतल्याचं आठवत नाही. मिशनच्या बायका चांगल्या होत्या, पण त्या सगळ्या पोरींच्या होत्या. बिस्मिल्लाबीनं तिच्या एकटीच्या तोंडाकडं बघून शिवी दिली होती.

बरी झाल्यावर शिबाबाईनं एक काम हाती घेतलं. सकाळी ती रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावर झाडपूस आणि धुणं करायची. दुपार कलली की टोपली घेऊन भाजीबाजारात यायची, आणि उठता उठता माळणी जी भाजी टाकून देतात, सुकलेली मेथी, किडकी वांगी, अंबाडीचे देठ, ती गोळा करायची. माझी आई तिथं बसायची. आमचा मळा जठारपेठेच्या पलीकडं होता, भाजीही होती आणि फुलंही. शिबाबाई ती भाजी निवडायची, ज्वारीच्या कण्यांसोबत मोठ्या गंजात शिजवायची आणि दिवेलागणीच्या आधी नदीकाठच्या चिंचेखाली वाढायची. स्टेशनावरचे आंधळे पांगळे यायचे, महारोगी यायचे, हंगाम संपला की कापसाच्या जिनातल्या कामाच्या बायका पोरं घेऊन यायच्या. असं तिनं दहाबारा वर्षं केलं. कोणी तिला त्यासाठी चांगलं म्हटलं नाही, आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. जेवणारे कुरकुरायचे. एक आंधळा म्हातारा तर रोज म्हणायचा, "मीठ घालाले हात आखडते का वं तुहा?" ती हसून वरून मीठ वाढायची.

वाढून झालं की ती घरी यायची, आणि बिस्मिल्लाबी दारात बाज टाकून वाटच बघत असायची. दोघी एका बाजेवर बसायच्या. एका चंचीतलं पान, एकच सुपारी, अर्धी तुझी अर्धी माझी. आणि भांडण. शिबाबाईच्या चुलीचा धूर, शिबाबाईच्या मोरीचं पाणी, शिबाबाईचे भिकारी.

"आज पुन्हा तुहा तो लंगडा माह्या दारातून गेला," बिस्मिल्लाबी म्हणायची. "मुडदा बशिवला त्याचा. शेनात पाय भरले व्हते त्याचे."

"मंग पाय धून द्याचे व्हते त्याचे."

"मी धू? तुह्या तोंडात माती. तूच धू, तुह्या येशूनं सांगतलं हाये तुले. माह्या अल्लानं मले असं काही सांगतलं नाही."

शिबाबाई हसायची. आई म्हणायची की दिवसभर त्या बाईचा चेहरा बंद दारासारखा असायचा, तो त्या बाजेवर तेवढा उघडायचा. सण तिला नव्हते, माहेर नव्हतं, सासर नव्हतं. जे काय घर होतं ते ती एक बाज होती.

मग मिठाच्या सत्याग्रहाच्या साली, हिवाळा लागता लागता, ती गोष्ट झाली. बाजार उठला होता आणि माळणी शिळोप्याच्या गप्पा करत बसल्या होत्या. शिबाबाई भाजी वेचत होती. त्यातल्या पार्वताबाईनं सहज विचारलं, "काहून वं, हे नाव असं कसं तुहं? कोनाचं नाव हाये हे?"

आपल्याबद्दल कोणी काही विचारावं याची शिबाबाईला सवयच नव्हती. ती टोपली खाली ठेवून बसली आणि सांगू लागली. दूरच्या मुलखात एक राणी होती, अलीशिबा नावाची. राजवाड्यातल्यांना चोरून ती गरिबांना भाकरी न्यायची. एकदा ओच्यात भाकरी घेऊन निघाली तर राजानं अडवलं, काय आहे दाखव म्हणाला. तिनं ओचा सोडला, तर आत गुलाबाची फुलं. पुढं राजा लढाईवर मेला, घरच्यांनी तिला बाहेर काढलं. तेव्हा ती रोग्यांची सेवा करत राहिली आणि त्यातच मेली. उद्या तिचा सण आहे. आईनं तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बोलता बोलता तिचे डोळे चमकत होते, असं आई म्हणायची.

सगळ्या जणी ऐकत होत्या. पार्वताबाईनं विचारलं, "मंग तू राणीची इकडं कशी आलीस?"

"ती मी नोहो वं. तिले मरून शेकडो वर्सं झाली."

"हां. म्हन्जे मांगल्या जन्मीची गोठ हाये."

"आमच्यात जन्म एकच असते."

"तुमच्यात असंल," पार्वताबाई शांतपणे म्हणाली. "पन तुले कसं समजंल? तुले त या जन्मीचे मायबाप ठाऊक नाहीत, मांगल्या जन्माचं कुठून ठाऊक राहीन?"

खरंच तर होतं. शिबाबाई टोपली उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं सणाचं म्हणून भाकरी केल्या होत्या, आणि भाजी घ्यायला बाजारात आली तेव्हा भाकरीची टोपली फडक्यानं झाकून काखेत होती. आईच्या पाटीत गुलाब उरले होते. गावठी गुलाब, संध्याकाळपर्यंत पाकळ्या गळतात, दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही. आईला वाटलं, बाईचा सण आहे, तिला कोणी कधी फूल दिलं नसेल. शिबाबाई वांगी निवडत होती तेवढ्यात आईनं फडकं उचललं, ओंजळभर गुलाब भाकरींवर टाकले आणि फडकं पुन्हा झाकलं. घरी जाऊन उघडेल, हसेल, एवढंच आईच्या मनात होतं.

शिबाबाई घरी गेलीच नाही. सणाच्या भाकरी आधी वाटायच्या म्हणून तशीच चिंचेखाली गेली. तिथं त्या दिवशी बाजारातला मापारी जानराव गूळ द्यायला आला होता. हा जानराव भजनी मंडळाचा पुढारी, गळा गोड, आणि डोक्यात संतांवाचून दुसरं काही नाही. आदल्या दिवशीची गोष्ट बायकोकडून त्याच्या कानावर गेलेली होती. शिबाबाईनं सगळ्यांसमोर फडकं काढलं आणि वर गुलाब. जानरावाच्या हातातली गुळाची ढेप खाली पडली. त्यानं तिथंच लोटांगण घातलं.

पुढचं सांगायला नको. गुरुवारी नारळ आले. माझ्या आईनं शंभरदा सांगितलं, अहो, फुलं मी टाकली, माझ्या मळ्यातली आहेत, देठ बघा. तर जानराव म्हणाला, "मनकर्णाबाई, तुमी टाकली हे खरं. पन तुमच्या हातून टाकवून कोनं घेतली?" आता याला काय उत्तर द्यावं? आई म्हणायची, त्या दिवशी मला समजलं की खरं बोलून काही उपयोग नसतो, लोक त्याचाही प्रसाद करतात.

शिबाबाई आधी हसली, मग रागावली, मग हात जोडू लागली, आणि शेवटी गप्प झाली. ती रागावली तर लोक म्हणत, संतांचा राग म्हणजे आशीर्वाद. ती गप्प बसली तर म्हणत, मौन धरलं. तिच्या पायाखालची माती उचलायला बायका येऊ लागल्या. ज्या बायका तिच्या हातचं पाणी पीत नव्हत्या त्या लांबून पदर पसरू लागल्या. पाणी मात्र तेव्हाही पीत नव्हत्या. आणि चिंचेखालचे जेवणारे कुरकुरायचे थांबले. एकदा घाईत मीठच टाकायचं राहिलं. कोणी काही बोललं नाही. तो आंधळा म्हाताराही बोलला नाही. शेवटी तिनंच विचारलं, तर म्हणाला, "आज परसाद अळणी हाये माय, उपासाचा असंल." त्या दिवशी ती रिकामा गंज घासत नदीवर किती तरी वेळ बसून राहिली.

फादरांच्या कानावर गेलंच. प्रार्थना संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं. पुस्तकी मराठीत म्हणाले, "अलीशिबा, संत कोण ते पवित्र सभा ठरवते, बाजार नव्हे. तू लोकांना काय सांगितलेस? तुझ्या मनात गर्व शिरला आहे काय?"

ती म्हणाली, "फादर, मी त नोको नोकोच म्हनून राहिली."

"मग काही महिने हे अन्नदान बंद ठेव. लोक विसरतील."

माणूस वाईट नव्हता, आणि सल्लाही तसा वाईट नव्हता. पण लोक विसरेपर्यंत जेवणाऱ्यांनी काय खायचं, हे त्यांना सुचलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तिनं गंज चढवणं बंद केलं नाही. मात्र आपण फादरांची आज्ञा मोडली आहे, तेव्हा आपल्याला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा हक्क नाही, असं तिनं आपलं आपणच ठरवलं. बाकीचे पुढं जाऊन प्रसाद घ्यायचे, ही मागं भिंतीशी मान खाली घालून बसायची. कोणी तिला का म्हणून विचारलं नाही. हळूहळू तिनं जाणं सोडलं.

आता राहिली होती ती बाज. बिस्मिल्लाबीला या सगळ्या प्रकाराचं हसू आवरत नव्हतं.

"संत म्हन्ते मेले तुले," ती पान लावता लावता म्हणायची. "काल माही कोंबडी हाकलली तवा कुठं गेली व्हती तुही संताई? अन् आज भाजीत मीठ नव्हतं. मी चाखून पाह्यली. त्या मुडद्याइले समजत नाही, मले समजते. जळो तुही चूल."

"उद्या घालतो मीठ."

"घालजो. नाही त तुह्या त्या जानरावाच्या डोक्यावर वतीन सारा गंज."

शिबाबाई एकदा आईला म्हणाली, "मनकर्णा, सारं गाव गेलं तरी चालते. हे एक तोंड चालू राह्यलं पाह्यजे." आई सांगायची, तेव्हा मला हसू आलं होतं.

बिस्मिल्लाबीची सून बाळंतपणात गेली होती. मुलगा बशीर तेल्हाऱ्याला जिनात कामाला होता. नात शकीला आजीपाशीच वाढत होती, सहासात वर्षांची, आजीसारखीच तोंडाळ. बिस्मिल्लाबी गल्लीला शिव्या द्यायची आणि शकीला तिला. त्या पोरीला मुदतीचा ताप आला. हकीम झाला, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर झाला, बाळापूरच्या दर्ग्यातला दोरा बांधून झाला. ताप उतरेना. पोर बरळायला लागली आणि मग बरळणंही थांबलं.

भर दुपारी शिबाबाई दारात गहू निवडत बसली होती. बिस्मिल्लाबी आली. डोक्यावरून पदर नीट घेतलेला. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"शिबाबाई," ती म्हणाली, "चला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवा."

शिबाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. एवढ्या वर्षांत त्या तोंडातून तिनं शिबे, मेले, भवाने, असंच ऐकलं होतं. ती उठली, जवळ गेली. "बिस्मिल्ला, मी येतो. तू नाही बलावलं असतं तरी आली असती. पन असं नोको बोलू. मले शिव्या दे, मंग येतो."

"नाही बाई. तवा मले समजत नव्हतं. मी लय बोलली तुमाले. त्याच्याचसाठी त माह्या पोरीले..." आणि ती बोलता बोलता थांबली.

म्हणजे बिस्मिल्लाबीच्या मनानं घेतलं होतं की आपण संतिणीला शिव्या दिल्या म्हणून नात मरते आहे. शिबाबाईला त्याच क्षणी कळलं असणार की इथून परत फिरायला वाट नाही. पोर गेली तर ही आपल्यामुळं गेली म्हणेल. पोर जगली तर आपल्यामुळं जगली म्हणेल. दोन्हीकडून बिस्मिल्लाबी गेलीच. आई म्हणायची, तिच्या जागी दुसरी असती तर दार लावून रडली असती. शिबाबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि गेली.

तिनं डोक्यावर हात ठेवून मंत्रबिंत्र काही केलं नाही. मिशनमध्ये आजाऱ्याची उठबस शिकली होती ती सगळी केली. ओल्या फडक्यानं अंग पुसणं, तांदळाचं पाणी थेंब थेंब घालणं, कूस बदलणं, खोलीतली गर्दी हाकलणं. साहेबाच्या बंगल्यावर गेली नाही, नोकरी गेली. गंज तेवढा आईनं आणि दोन माळणींनी चढवला. मी चिंचेखाली वाढते, तू पोरीपाशी बस, असं आईनंच सांगितलं होतं. एके दिवशी पहाटे शकीलाला घाम फुटला, आणि दुपारपर्यंत तिनं डोळे उघडून आजीला पहिली शिवी दिली. शिबाबाई हसली. मग तिनं बिस्मिल्लाबीकडं पाहिलं. बिस्मिल्लाबी हसत नव्हती. तिनं दोन्ही हात जोडलेले होते.

त्या दिवसापासून दारातल्या बाजेवर नवी गोधडी अंथरली जाऊ लागली. शिबाबाई आली की बिस्मिल्लाबी बाजेवरून उठून खाली बसायची. शिबाबाई खाली बसली की ती आणखी सरकून पायरीखाली बसायची. पान लावायची, पण सगळं पुढं करायची, आपल्यासाठी त्यातलं अर्धं मोडून घ्यायची नाही. बोलणं, "हाव बाई" आणि "नाही बाई." आणि हे सगळं शिबाबाईपुरतंच. गल्लीतल्या बाकी सगळ्यांवर तिचं तोंड पहिल्यासारखंच चालू होतं. नवऱ्याला, कोंबडीला, दूधवाल्याला, माझ्या आईलाही. शिबाबाई आपल्या खोलीत बसून भिंतीपलीकडून ते ऐकत राहायची.

मग तिनं भांडण काढायचा प्रयत्न केला. आई हे सांगताना हसायची आणि पदर डोळ्यांना लावायची. शिबाबाईनं मुद्दाम ओली लाकडं जाळून धूर शेजारी सोडला. बिस्मिल्लाबी खोकत राहिली, बोलली नाही. भांड्यांचं खरकटं पाणी तिच्या दारात ओतलं. तिनं निमूट खराट्यानं काढलं. कोंबडीला ढेकूळ मारलं, तर तिनं कोंबडी आत नेऊन बांधली. शेवटी एका सकाळी शिबाबाईनं चुलीतली पाटीभर राख उचलली आणि बिस्मिल्लाबीच्या सारवलेल्या अंगणात, ऐन मधोमध, उपडी केली. आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

बिस्मिल्लाबी बाहेर आली. राख पाहिली. शिबाबाईच्या तोंडाकडं पाहिलं. मग खाली बसली, चिमूटभर राख उचलून शकीलाच्या कपाळाला लावली आणि उरलेली पदराच्या टोकात बांधून घेतली.

शिबाबाई खोलीत आली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती त्या बाजेवर बसायला गेली नाही. गंज मात्र चढत राहिला. साहेबाकडची नोकरी गेली तेव्हापासून लोक आणून देत त्यावर ती जगत होती, आणि ते खाताना तिला लाज वाटायची. अमरावतीहून फादरांचा निरोप आला की निराधार बायकांसाठी मिशनमध्ये जागा आहे, ये. ती गेली नाही. आईनं विचारलं तर म्हणाली, "इथं भिंतीतून आवाज त येते."

दुसरं महायुद्ध सुरू झालं, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिला खोकला धरला आणि ती उठेना. दाराबाहेर माणसांची रीघ, पण सगळी दाराबाहेर. दर्शन घ्यायची आणि जायची. आत जाऊन तिचं अंग पुसणारी माझी आई एकटी, तीही बाजार सांभाळून. आईला दिसत होतं की बाईला औषध लागू पडत नाही कारण बाईला जगायचंच नाही. एक दिवस ती तडक बिस्मिल्लाबीच्या दारात गेली.

"बिस्मिल्ला, एक काम कर. आत जा अन् तिले सनसनीत शिवी दे."

"तौबा, तौबा. जीभ झडंल माही."

"झडू दे. लय चालली तुही जीभ. ती मरून राहिली, अन् तुह्यासाठी मरून राहिली. ते तोंड फक्त तिच्यापुरतं काहून बंद केलं तू? तिले काय वाटत असंल?"

बिस्मिल्लाबीनं पदर सावरला. मग उठली आणि आईच्या मागून आली. या वेळी मात्र ती उंबरा ओलांडून आत आली. शिबाबाई भिंतीशी गोधडीत पडलेली होती. तिनं डोळे उघडले. बिस्मिल्लाबीला आत उभी पाहून कोपर टेकून थोडी उठली आणि वाट बघत राहिली. आई म्हणायची, लहान पोर खाऊची वाट बघतं तशी बघत होती.

बिस्मिल्लाबीनं तोंड उघडलं. "शिबे," ती म्हणाली. "शिबे, मुडदा..." आणि पुढं तिला येईना. मग ती खाली कोसळली आणि शिबाबाईच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागली. "माफ करा बाई. मले माफ करा."

शिबाबाई पुन्हा खाली टेकली. मग म्हणाली, "बिस्मिल्ला, पाय नोको धरू वं. माहा हात धर." आणि गोधडीतून हात बाहेर काढला.

"तुमचा हात धराची माही लायकी नाही, बाई," बिस्मिल्लाबी पायांवरून डोकं न उचलता म्हणाली.

तो हात तसाच पुढं राहिला होता. शेवटी माझ्या आईनं तो धरला. शिबाबाईनं तिच्याकडं पाहिलं, हात सोडवून घेतला नाही, पण तिचे डोळे आईवरून घसरून पुन्हा पायांकडं गेले.